अकराव्या फिरकीपासून

चाळणीकाकांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथंच राहिलं. नटबोल्टच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं माल तपासला. खोट असलेला बोल्ट त्यांच्या हातून सुटला, असं सांगणारा माणूस अजून जन्मायचा आहे. म्हणून आधी नुसतंच 'चाळणी' म्हणायचे, मग केस पिकले तसं मागं 'काका' लागलं.

संशय हा काही लोकांचा आजार असतो. काकांचा तो पेशा होता, आणि पेशा असा की संध्याकाळी भोंगा झाला म्हणून खुंटीला टांगून घरी येता येत नाही. सफरचंदं घ्यायला गेले तर ढिगाच्या वरचं एक, मधलं एक आणि तळातलं एक अशी तीन उचलायचे आणि देठाशी बोट दाबून बघायचे. फळवाला म्हणायचा, "काका, विकत घ्यायचीत का जबानी घ्यायचीय?" दाराची बेल वाजली की आधी भोकाला डोळा लावून विचारणार, "कोण?" बाहेर पिशवी घेऊन उभी असलेली बायको म्हणायची, "तुमचं नशीब! उघडा आता, हात तुटला."

एकुलती एक लेक सातवीत असताना गणितात पहिली आली. घरात आनंदीआनंद. काकांनी उत्तरपत्रिका मागून घेतली, चष्मा पुसला आणि गुणांची बेरीज केली. दोन गुण जास्त पडले होते. दुसऱ्या दिवशी लेकीचं बोट धरून शाळेत गेले आणि ते दोन गुण कापून घेतले. पोरगी दुसरी आली. मास्तर म्हणाले, "पंचवीस वर्षांत गुण वाढवून मागणारे बाप खूप बघितले. कमी करून मागणारा तुम्ही पहिलेच." लेक आठ दिवस बापाशी बोलली नाही. काकांना मात्र तिचा फार अभिमान वाटत होता. दोन कमी झाले, पण राहिले ते सगळे खरे!

त्यांच्या कामाची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. सकाळी मशीन सुरू झालं की ते थंड असतं, आखडलेलं असतं, झोपेतून उठवलेल्या माणसासारखं. तेव्हा निघणारा माल त्याचा खरा माल नव्हे. म्हणून पहिले दहा बोल्ट न बघता भंगाराच्या डब्यात टाकायचे आणि अकराव्यापासून मोजायला लागायचं. मग हजारांच्या खोक्यातून पन्नास उचलायचे आणि त्या पन्नासांवरून हजारांचा निकाल द्यायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, पण शीत कुठलं उचलायचं ह्यातच सगळी अक्कल असते. नवीन पोरं पहिले दहा मोजायला लागली की काका त्यांच्या हातावर हलकेच टपली मारायचे. "त्याला आधी जागं तर होऊ दे रे!"

असे हे काका निवृत्त झाले, आणि लेकीला नोकरी लागली ती खेळ बनवणाऱ्या कंपनीत.

"खेळ म्हणजे बॅटबॉल?" काकांनी विचारलं.

"नाही बाबा, पडद्यावरचे. मोबाईलवरचे. मी ते तपासायचे."

"तपासायचे म्हणजे दिवसभर खेळत बसायचं आणि वर पगार घ्यायचा?"

"खेळायचं नाही हो, खोट शोधायची. माणूस भिंतीवर धडकवून बघायचा, आरपार जातो का. सगळी बटणं एकदम दाबायची. जिथं कुणी शहाणा माणूस जाणार नाही तिथं त्याला न्यायचा."

काकांनी दोन मिनिटं विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तूही चाळणीच की!" त्या दिवशी जिन्यात भेटला त्या प्रत्येक शेजाऱ्याला त्यांनी सांगितलं, की धंदा घराण्यातच राहिला.

कंपनीचा नवा खेळ लेकीनं घरच्या टॅबलेटवर घालून आणला. निळं तळं, काठावर टोपी घातलेला एक माणूस, हातात गळ. बोट टेकवलं की गळ पाण्यात जायचा, ओढलं की मासा वर. खेळ आणला बापासाठी, पण गळाला लागली आई. दुपारची भांडी झाली की बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या आणि तळं उपसायच्या. पाच मासे झाले की पडद्यावर एक मोठं रंगीत चाक यायचं. त्याचे आठ सारखे भाग. एकात गांडुळांचा डबा, एकात दोरा, एकात रबरी बूट, असलं सटरफटर, आणि एका भागात सोनेरी गलबत. ते मिळालं की एका खेपेपुरतं खडकांच्या पलीकडच्या खोल पाण्यात जाता यायचं, आणि बाईंचा सगळा जीव त्या खोल पाण्यात अडकला होता.

चहाचा कप हातात धरून काका एकदा त्यांच्या मागं उभे राहिले. चाक गरगरलं, हळू झालं, सोनेरी गलबताशी आलं, थांबतंय थांबतंय असं झालं आणि एका केसानं पुढं सरकून रबरी बुटावर टेकलं.

"अगंबाई! बघितलंत? थोडक्यात हुकलं!"

"पुन्हा फिरव."

पुन्हा पाच मासे, पुन्हा चाक. या वेळी गलबताच्या अलीकडं, दोऱ्यावर. तिसऱ्यांदा पुन्हा बूट. चौथ्यांदा गांडुळं. पाचव्यांदा दोरा.

"काय पण जवळ येतंय हो सारखं! आज मिळणार बघा," बाई म्हणाल्या.

काकांनी कप टेबलावर ठेवला. "बोल्ट कधी जवळजवळ बसत नाही. बसतो, नाहीतर बसत नाही. हे चाक पाचात चार वेळा त्याच घराच्या उंबऱ्याशी कसं काय जातं? यात पाणी मुरतंय."

"तुम्हाला नळाच्या पाण्यातही पाणी मुरताना दिसतं," बाई म्हणाल्या आणि गळ टाकला. "पहिल्या दिवशी मात्र छान देत होतं हो. आता काय झालंय कुणास ठाऊक."

ते शेवटचं वाक्य काकांच्या कानावरून गेलं. बायकोच्या बोलण्यातली महत्त्वाची वाक्यं कानावरूनच जातात, हा त्यांच्या तपासणीतला एकमेव जुना दोष.

जेवताना त्यांनी लेकीला विचारलं, "ते चाक खरं आहे का गं?"

"खरं म्हणजे?"

"आठ घरं सारखी काढलीत. तर प्रत्येक घर आठात एकदा यायला हवं."

"येतं की. पण बाबा, ते चाक दिसतं तसं फिरत नाही. आत आधी एक आकडा निघतो, चिठ्ठी काढल्यासारखा. मग चाक फिरून त्या आकड्यापाशी थांबतं."

काकांचा घास हातात राहिला. "म्हणजे निकाल आधी आणि परीक्षा नंतर?"

"तसंच म्हणा. पण चिठ्ठ्या सारख्या असल्या म्हणजे झालं ना! मी स्वतः चारशे वेळा फिरवून बघितलंय. पन्नासदा गलबत यायला हवं होतं, एक्कावन्नदा आलं. आणखी काय हवं?" ती पाणी प्यायली. "बरं झालं विचारलंत. मोबाईलवरच्या ज्या दुकानातून आमचे खेळ जातात, त्यांनी कागद मागितलाय. 'चाकाच्या सगळ्या भागांना सारखी संधी आहे.' खाली तपासणाऱ्याची सही. माझीच आहे ती. या महिन्याच्या अखेरच्या सोमवारी द्यायचीय."

चाकाशी काकांचं काही देणंघेणं नव्हतं. सगळं जग चाकं फिरवून फसलं असतं तरी ते कूस बदलून झोपले असते. पण कागदावर सही पोरीची होती. ती सही खरी की खोटी, एवढाच प्रश्न होता, आणि तो दुसऱ्या कुणाला विचारून सुटणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून टेबलाशी बसले. जुन्या मोबाईलवर त्यांनी स्वतःच्या नावानं नवा खेळ सुरू केला आणि मासे धरायला लागले. शेजारचे टेलर कपड्यांचं माप घ्यायला आले होते, ते दारातच थबकले.

"काका, हे काय नवीन?"

"ड्यूटी."

"मासे धरायची?"

"मासे हे निमित्त आहे. तुम्ही बसा, पण बोलू नका."

पहिल्या दहा फिरक्यांत त्यांना सोनेरी गलबत दोनदा लागलं. खांद्यावरून बघणाऱ्या बाई टाळ्या पिटायला लागल्या. "लिहा ना! दोन लागली! आणि माझं मेलं आता एक येत नाही!"

"पहिले दहा मोजायचे नसतात."

"का?"

"मशीन थंड असतं."

"अहो, त्याला कुठलं मशीन? हातात गरम लागतोय तो मोबाईल!"

पण रीत म्हणजे रीत. काकांनी त्या दहा फिरक्या न लिहिता सोडून दिली आणि अकराव्यापासून कागदावर उभ्या रेघा ओढायला सुरुवात केली. चार उभ्या, पाचवी आडवी. असं रोज सकाळ-दुपार. कागदाचे रकाने भरत गेले. बारा दिवसांत बाराशे पन्नास मासे त्यांनी मारले. आयुष्यात कधी गळाला हात न लावलेला माणूस झोपेतही मनगट झटकायला लागला.

त्यांचा हिशोब साधा होता. दोनशे चाळीस फिरक्या मोजायच्या. आठात एक म्हणजे तीसदा गलबत यायला हवं. बरोब्बर तीसच येतील असं नाही, नशीब इकडेतिकडे ढकलणारच. वीस आले तरी ते तोंड उघडणार नव्हते, चाळीस आले तरी नाही. पण विसाच्या फार खाली गेलं तर मग ते नशीब नव्हे, मशीन. हे त्यांना कुण्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. चाळीस वर्षं खोकी उपसून बोटांना कळलं होतं.

बाराव्या दिवशी दुपारी त्यांनी शेवटची रेघ ओढली आणि गलबताच्या रकान्यातल्या रेघा मोजल्या. सहा.

तीसच्या जागी सहा. पुन्हा मोजल्या. सहाच. आणि गलबताच्या दोन्ही बाजूंची घरं, दोरा आणि बूट, मिळून साठच्या आसपास यायला हवीत, ती आली होती एकशे एकतीस. म्हणजे चाक गलबताच्या दाराशी जाऊन घंटा वाजवायचं आणि पळून जायचं. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे.

काकांनी पेनाचं टोपण लावलं. मग कितीतरी वेळ ते खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले. चाक खोटं निघालं याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण चारशे वेळा फिरवून एक्कावन्न आले, असं पोरीनं तोंडानं सांगितलं होतं. दोघांपैकी एक आकडा खोटा होता, आणि आपला तर त्यांनी स्वतः ओढला होता.

तो शनिवार होता. कागद द्यायचा तो सोमवार. लेक सुट्टीची म्हणून केस वाळवत बसली होती. काकांनी कागद तिच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय?"

"वाच."

तिनं वाचलं. "सहा? शक्यच नाही. तुम्ही चुकलात."

"मी?"

आत बाईंनी गॅस बारीक केला.

"बाबा, मी चारशे फिरक्या..."

"तू सांगितलंस ते ऐकलं. कागद दाखव."

"तुम्हाला काय वाटतं, मी आकडे मनानं लिहिले?"

"मला काही वाटत नाही. कागद बोलतोय."

"म्हणजे वाटतंच!" ती उभी राहिली. "सरळ म्हणा ना. पगार घेते म्हणून खोटं लिहिते. तुम्ही मला सातवीत असताना सुद्धा शाळेत नेलं होतंत, आठवतंय? सगळ्या वर्गासमोर. तेव्हा ती मास्तरांची चूक होती. आज माझीच दिसतेय."

"त्यात काय चुकलं? दोन गुण जास्तच होते."

"होते! पण मी पहिली होते एका दिवसापुरती!"

बाई हात पुसत बाहेर आल्या. "काय चाललंय? आपलेच दात नि आपलेच ओठ, कुणाला चावताय? अहो, जरा गप्प बसा. आणि तू गं, केस ओले आहेत, पंख्याखालून उठ."

लेक आत गेली आणि बॅगेतून कागदांचा गठ्ठा घेऊन बाहेर आली. टेबलावर आपटला. "घ्या. चाळा."

काकांनी चाळायला घेतले. लेकीनं बापाचा कागद ओढला. दोघंही समोरासमोर बसून एकमेकांची खोट शोधत होते. बाई मधे चहाचे तीन कप ठेवून गेल्या, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

काका मनातून धरून बसले होते, की गिरवलेला आकडा सापडणार, खाडाखोड सापडणार. काही सापडलं नाही. चाळीस तक्ते, प्रत्येकात दहा रकाने, स्वच्छ अक्षर, प्रत्येकावर तारीख. बेरीज एक्कावन्न. त्यांनी तीनदा केली. तिसऱ्या वेळी त्यांचं बोट जरा हळू फिरत होतं.

"बाबा," लेक म्हणाली, आणि तिच्या आवाजातला राग कुठं गेला होता कोण जाणे. "तुमच्या कागदावर पहिला आकडा अकरा का आहे?"

"पहिले दहा सोडायचे. रीत आहे."

"का?"

"मशीन थंड असतं म्हणून. आणि तुझ्या तक्त्यात सगळीकडे दहाच का?"

"आमची रीत. दरवेळी नव्या नावानं नवीन खेळाडू घ्यायचा, कोरी पाटी. जुन्या खेळाडूत आधीच्या तपासणीची घाण राहिलेली असते, आकडे बिघडतात. एका खेळाडूच्या दहा फिरक्या झाल्या, की दुसरा घ्यायचा. छापील तक्ता आहे तसा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"म्हणजे तू पहिल्या दहाच्या पुढं कधी गेलीच नाहीस," काका म्हणाले.

"आणि तुम्ही पहिले दहा कधी बघितलेच नाहीत."

"मी कधीची ओरडतेय," बाई ओट्याशी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पहिल्या दिवशी छान देत होतं म्हणून. पण या घरात माझ्या बोलण्याचा नमुना कुणी तपासायला घेत नाही."

पहिले दहा न बघता फेकायची रीत कुणी घातली, हे काकांना माहीत नव्हतं. त्यांना त्यांच्या वरच्यानं शिकवलं, त्याला त्याच्या वरच्यानं. चाळीस वर्षांत एकदाही त्यांनी त्या दहांकडे नजर टाकली नव्हती. सगळ्या जगावर संशय घेतला, आपल्या रीतीवर तेवढा घ्यायचा राहून गेला.

लेकीकडे कामाचा लॅपटॉप होता. त्यावर मासे न धरता हवं तितकं चाक फिरवता यायचं. ती म्हणाली, "मी त्यालाच सांगते फिरवायला आणि मोजायला. क्षणात होईल."

"चोरालाच पंच नेमतेस? हातानं फिरवायचं. मोजणार मी."

रविवारी सकाळी तिघं टेबलाशी बसले. दहा नवे खेळाडू, प्रत्येकाच्या पन्नास फिरक्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही न सोडता. लेक बोट टेकवायची, बाई पडद्यावरचं मोठ्यांदा वाचायच्या, "बूट! दोरा! पुन्हा मेला बूट!" आणि काका रेघ ओढायचे. दहाव्या फिरकीनंतर त्यांनी कागदावर एक जाड उभी रेघ मारली होती, खेळाडूमागून खेळाडू.

दुपारी दीडला काम संपलं. जाड रेघेच्या अलीकडं शंभर फिरक्या, त्यांत गलबत तेरादा. आठात एक, अगदी गुणी बाळासारखं. रेघेच्या पलीकडं चारशे फिरक्या, त्यांत नऊदा. पन्नासच्या जागी नऊ!

"तपासनीस बघतोय तोवर हरिश्चंद्र," काका म्हणाले, "आणि त्यानं पाठ फिरवली की गळेकापू. म्हणजे त्याला माहीत आहे कोण किती वेळ बघतं ते. हा दहा रकान्यांचा तक्ता कुणी बनवला?"

"माझ्या वरच्या मॅडमनी दिला. त्यांना कुणी दिला, ठाऊक नाही."

"हं."

"बाबा, लगेच हं करू नका."

"मी नुसतं हं केलं."

"तुमच्या हंमध्ये पोलीस चौकी असते."

अकराव्या फिरकीपाशी काय होतं, ते लेकीला आता समजत होतं. दहा फिरक्यांपर्यंत माणसाला चटक लागते, तिथून पुढं मासे कमी मिळतात, आणि फिरकी हवी असेल तर खरे पैसे मोजून घ्या, अशी पाटी येते. तिनं तो सहीचा कागद बॅगेतून काढला आणि टेबलावर ठेवला. 'सगळ्या भागांना सारखी संधी आहे.' खाली तिचं नाव छापलेलं होतं.

"सही नाही केली तर?" बाईंनी हळूच विचारलं.

"माहीत नाही. अजून कुणी असं केलं नाही."

काकांच्या जिभेवर खूप काही आलं होतं. करू नकोस, असं ठणकावून सांगायचं होतं. पण आदल्या दिवशी याच टेबलावर त्यांनी तिला खोटं ठरवलं होतं, आणि आज कुठल्या तोंडानं सांगणार? त्यांनी नुसता आपला रेघांचा कागद तिच्या बाजूला सरकवला. "लागला तर ने."

सोमवारी काकांनी दिवसभर काही तपासलं नाही. दूधवाला पाणी घातलेलं दूध देऊन गेला असता तरी कळलं नसतं. चार वाजताच बेल वाजली. भोकाला डोळा न लावताच त्यांनी दार उघडलं. लेक होती, बॅगेसकट.

"काढलं का?" बाईंनी विचारलं.

"नाही. घरी जा म्हणाल्या, कळवू म्हणाल्या." ती बूट न काढताच खुर्चीवर बसली. "मी त्या कागदावर सही नाही केली. दुसरा लिहून दिला. पहिल्या दहा फिरक्यांत सारखी संधी आहे, अकराव्यापासून नाही, सोबत रेघांचा कागद जोडला आहे. मॅडमनी विचारलं, हे तुला मोजायला कुणी सांगितलं? म्हटलं, कुणी नाही. त्या म्हणाल्या, तक्त्यात दहाच रकाने आहेत. म्हटलं, म्हणून तर."

"मग?"

"मग म्हणाल्या, तू नाही केलीस तर दुसऱ्या कुणाची सही घेता येते मला. म्हटलं, घ्या, पण माझा कागद फाईलमध्ये राहू दे."

काकांना एकदम पोरीच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. "तारीख घातलीस ना कागदावर?" एवढंच विचारलं.

तो आठवडा फार वाईट गेला. फोन वाजला की काका त्याच्याकडे बघत राहायचे, उचलायचे नाहीत. गल्लीत अनोळखी माणूस दिसला की त्यांना तो कंपनीचाच वाटायचा. एक दिवस मीटर वाचायला आलेल्या माणसाला त्यांनी इतके प्रश्न विचारले, की बिचारा मीटर न वाचताच गेला. मॅडम दुसरी सही घेणार, आणि पोरगी जन्मभरासाठी घरी बसणार, आणि दोष कुणाचा? रेघा ओढणाऱ्याचा.

शुक्रवारी फोन आला तो लेकीनंच घेतला. बराच वेळ "हो", "हो", "बरं" चाललं. मग तिनं फोन ठेवला आणि हसायला लागली.

"मॅडमनी कागद दुसऱ्या दोघांकडे दिला होता सहीला. दोघांनी माझी फाईल बघितली, पन्नास-पन्नास फिरक्या स्वतः मोजल्या, आणि पेन खाली ठेवलं. आता सहीला कुणी तयारच नाही! चाक बदलतायत. सोमवारी ये म्हणाल्या."

"तक्ता कुणाचा होता, ते सांगितलं?"

"बाबा!"

"विचारलं नुसतं."

नवं चाक आलं, तेव्हा बाईंनी चष्मा लावून पडदा डोळ्यांजवळ नेला. आता घरं सारखी नव्हती. बूट केवढा तरी ऐसपैस, दोरा पसरलेला, आणि सोनेरी गलबताचं घर म्हणजे सुपारी कातरल्यासारखी एक कापटी. खाली लिहिलं होतं, चाळीसात एक.

"एवढ्याशा फटीतून गलबत निघणार कसं?" बाई म्हणाल्या. त्यांनी चाकाच्या कोपऱ्यातली फुली दाबली आणि तळ्यावर परत गेल्या. त्यानंतर त्यांनी ते चाक कधी फिरवलं नाही. मासे मात्र रोज धरतात, खडकांच्या अलीकडचे.

सहीचा नवा कागद आला, पण लेकीनं तो आठ दिवस थांबवून धरला. कारण काका मोजत होते. चारशे फिरक्या, पहिल्यापासून, एकही न सोडता, संध्याकाळी ती घरी आली की तिच्या लॅपटॉपवर. बोट तिचं, रेघ त्यांची. गलबतं दहा यायला हवीत, अकरा आली. गलबताच्या शेजारची घरंही आता आपापल्या मापात होती, उंबऱ्याशी कुणी घुटमळत नव्हतं.

"करू सही?" लेकीनं विचारलं.

"तुझी सही, तू ठरव."

तिनं केली. मग काकांनी आपला रेघांचा कागद उलटा करून तिच्यापुढं धरला. तळाशी त्यांनी दोन ओळी आखल्या होत्या. पहिलीवर त्यांची सही होती. दुसरी रिकामी. कारखान्यात चाळीस वर्षांत चाळणीच्या कागदावर दुसऱ्या कुणाची सही कधी झाली नव्हती. साहेबांनी मागितली तरी ते म्हणायचे, दोन सह्या म्हणजे दोघांनीही नीट बघितलं नाही.

"इथं मी कशाला? मोजलं तुम्ही."

"फिरवलं तू. आणि पहिले दहा तू बघितलेस."

लेकीनं त्यांच्याकडे निरखून बघितलं. "बाबा, हा माफीनामा आहे का?"

"हा कागद आहे," काका म्हणाले आणि टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं. "सही कर. आणि खाली वाकून काय बघतेस? मी काही दुसरं लिहिलेलं नाही त्यात."

"बघू दे की," ती म्हणाली, आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक रेघ बोटानं मोजून मगच तिनं सही केली.